सार्डिनच्या बर्फातली पट्टी

अल-जदीदा, ३ नोव्हेंबर १९९२

खुया मिलूद,

सलाम. घरी सगळे ठीक आहेत. बाबांचा खोकला आहे तसाच आहे, आणि तरी रोज किनाऱ्यावर जाऊन शेवाळ काढणाऱ्या पोरांना "अरे, आम्ही एका दमात याच्या दुप्पट वर आणायचो" असं ऐकवून येतात. त्यांच्याबद्दल काळजी करू नकोस. मी लिहिते आहे ते वेगळ्याच कामासाठी.

उन्हाळ्यात तू पोलंडहून, त्या तुझ्या वूचहून आलास तेव्हा चार ओल्या, आरपार दिसणाऱ्या पट्ट्या आणल्या होत्यास. "लल्ला, या आमच्या प्रयोगशाळेत बनतात" म्हणून केवढा मिरवला होतास! मी हसले होते. चौदा वर्षं भाजलेल्या माणसांच्या पट्ट्या बदलते आहे, हा कालचा पोरगा मला काय शिकवणार, असं वाटलं होतं. हसले ते चुकलंच माझं. चारही पट्ट्या मी वापरल्या, आणि आता मला आणखी हव्या आहेत.

सिहाम नावाची मुलगी आहे. नऊ वर्षांची. आईवडील नाहीत, आजी यामना मशिदीमागे लोखंडी तव्यावर हर्शा, रव्याच्या जाड भाकऱ्या, भाजून विकते. सप्टेंबरात ही पोर पाय घसरून पडली आणि उजवा तळहात अख्खा त्या तव्यावर टेकला. आजीने दोन दिवस टूथपेस्ट आणि पीठ लावलं, मग आमच्या इस्पितळात आणलं. जखम खोल आहे, पण भरण्यासारखी आहे. भरत का नाही ते मला माहीत आहे. आमचं कापड सुकतं, जखमेला चिकटतं, आणि बदलताना कोवळी कातडी सोबत घेऊन येतं. म्हणजे आम्ही रोज जखम भरतो आणि रोज उसवतो. तुझ्या पट्टीखाली मात्र मला जखम न उघडता दिसत होती, आणि काढताना पोर रडली नाही. "झालं?" एवढंच विचारलं तिने. आता पुन्हा कापड सुरू झालं आहे. सोमवारी ती मला चावली. बरं केलं.

डॉक्टर लहलू म्हणतात, फेब्रुवारीअखेर जखम बंद झाली नाही तर बोटं मुठीतच आखडतील, कायमची. सिहामचं वेगळंच चाललं आहे. येत्या रमजानात ती पहिला रोजा धरणार आहे, सत्ताविसाव्याचा. नवरीसारखं सजायचं, मेंदी काढायची, फोटो काढायचा. रोज मला विचारते, "लल्ला बतूल, तोपर्यंत हात उघडेल ना?" मी हो म्हणून बसले आहे. तेव्हा पट्ट्या पाठव. निदान चाळीस.

तुझी बहीण
बतूल

वूच, १७ नोव्हेंबर १९९२

लल्ला बतूल,

चाळीस! तू काय बाजारात संत्री मागते आहेस? ते चार नमुने होते आणि तेही मी मागून आणले होते. पट्ट्या एका मोठ्या यंत्राच्या किरणांखाली होतात, डबा बंद असतानाच, आणि एकेका डब्याची नोंद असते. माझ्या हातात काही नाही.

पण ते आहे तरी काय, हे एकदा समजून घे. हायड्रोजेल म्हणजे पाणीच, धरून ठेवलेलं. दहा भागांतले नऊ भाग पाणी आणि एक भाग फार लांब, फार बारीक धागे. धागे एकमेकांना ठिकठिकाणी बांधले की जाळं होतं, आणि त्या जाळ्यात पाणी अडकून बसतं. ते वाहून जात नाही, पण ओलं राहतं, म्हणून जखमेला चिकटत नाही. शेजारच्या देशात याच्याच मऊ काचा बनवून लोकांच्या डोळ्यांत घातल्या, तीस वर्षं झाली. आता याच्या आत औषध भरून ते थोडं थोडं बाहेर सोडायचं, झिजलेल्या गुडघ्यात कूर्चेच्या जागी बसवायचं, अशी खटपट जगभर चालू आहे. आणि एक गंमत ऐक. आमच्या पट्टीत जो घट्टपणा येतो तो लाल शेवाळातून काढलेल्या अगरमुळे, आणि इथल्या बरणीवर 'मोरोक्को' लिहिलेलं आहे. बाबांना सांग.

यंत्राशिवायची एक रीत आहे. सोबत तशाच धाग्यांची पांढरी पूड पाठवतो आहे. एक भाग पूड, नऊ भाग शुद्ध पाणी, तुमच्या इस्पितळातल्या वाफेच्या भांड्यात घालून पूर्ण विरघळू दे, त्यातच ते निर्जंतुकही होईल. मग सपाट डब्यांत ओतून गोठवायचं. साध्या फ्रीजने भागणार नाही, वीस अंश तरी शून्याखाली हवं.

आता दोन अटी. पहिली, डॉक्टर लहलूंचा लेखी होकार. दुसरी, आधी धडधाकट कातडीवर लावून बघणं. तोपर्यंत त्या मुलीच्या जवळपासही न्यायचं नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे म्हणून दोनदा सांगतो, न्यायचं नाही.

तुझा
मिलूद

अल-जदीदा, १२ डिसेंबर १९९२

खुया मिलूद,

तू शिकलेला आहेस की नुसता परदेशी राहून आलेला? किलोभर पांढरी पूड, वरून कसलंही लेबल नाही, आणि पाठवलीस साध्या टपालाने! मला कस्टमवाल्याने बोलावून घेतलं. "हे काय आहे, मादाम?" म्हटलं, पट्टी. "पट्टी? ही?" म्हटलं, होणार आहे. त्याने शेवटी बोट लावून चाखली. काही चव लागली नाही म्हणून त्याचा चेहराच पडला, आणि मला सोडलं.

शून्याखाली वीस अंश कुठे मिळणार, तर बंदरावरच्या सार्डिनच्या शीतघरात. तिथले सी बूशईब बाबांचे जुने दोस्त, त्यांनी एक फळी दिली. विचारू लागले, "बतूल, लग्नाचं जेवण आहे का कसलं?" म्हटलं, सी बूशईब, माझ्या लग्नात तुम्हाला न बोलावता मी जेवण ठेवेन का! खूष झाले.

मी म्हटलं, जितकं गोठेल तितकं घट्ट होईल. म्हणून आठ दिवस ठेवलं, एकदाही हात न लावता. बाहेर काढलं तेव्हा दगड होता. डब्यात तासभर राहिलं आणि पातळ, बुळबुळीत लापशी झाली, माशाचा वास मारणारी. आठ दिवस, मिलूद! त्या आठ दिवसांत सिहामची पट्टी मी आठ वेळा ओरबाडून काढली. करंगळी आणि अनामिका आता सरळ होत नाहीत. यामना रोज दारात उभी राहून मला ऐकवते, "ओलं ठेवून जखम कुजवता तुम्ही, वाळवा तिला, मेंदी लावा." तिला काय उत्तर देऊ? तुझ्या लापशीचं?

काय चुकलं ते लगेच लिही.

बतूल

वूच, २४ डिसेंबर १९९२

लल्ला,

चूक माझी आहे. गोठवायचं लिहिलं आणि मुख्य गोष्ट लिहायची राहिली. घट्टपणा गोठण्याने येत नाही, गोठून वितळण्याने येतो, तोही पुन्हा पुन्हा. पाण्याचा बर्फ होताना तो धाग्यांना कोपऱ्यात रेटतो, तिथे ते एकमेकांना धरतात. वितळलं की काही सुटतात, काही धरून राहतात. परत गोठवलं की आणखी धरतात. आठ दिवस एका जागी ठेवून तू त्यांना एकदाच भेटवलंस.

बारा तास शीतघरात, सहा तास बाहेर. असं चार वेळा. डब्याचं झाकण मेणाने बंद कर म्हणजे सी बूशईबच्या सार्डिन आत शिरणार नाहीत. झाल्यावर पांढरं, मऊ, बोटाने दाबलं तर परत वर येणारं असलं पाहिजे.

इथे आज नाताळसाठी सगळं बंद आहे, शेजारच्या घरात मासा तळताहेत आणि मला घरची आठवण येते आहे. पण तुझ्या पत्रात डॉक्टरांच्या होकाराबद्दल एक अक्षर नाही, हे माझ्या लक्षात आलं आहे. उत्तर दे.

मिलूद

अल-जदीदा, २० जानेवारी १९९३

खुया मिलूद,

जमलं! चार वेळा गोठवलं, चार वेळा वितळवलं, बंदर ते इस्पितळ हेलपाटे घालून माझ्या चपलांचे तळ गेले, पण जमलं. पांढरं शुभ्र, दाबलं की वर येतं. थेट दुधाच्या महल्लबियासारखं दिसतं, आणि त्यातूनच घोळ झाला. आमचा पहारेकरी अल-मक्की गेल्या रमजानातले बुडालेले रोजे आत्ता घाईघाईने भरून काढतो आहे, नवा रमजान यायच्या आत. गुरुवारी सूर्य मावळला, बांग झाली, आणि याने टेबलावरची वाटी उचलली. अर्धी संपेपर्यंत त्याला कळलं नाही! मग म्हणतो, "लल्ला बतूल, साखर कमी पडली, आणि चावतही नाही." तीन दिवस त्याच्यावर नजर ठेवून होते. काही झालं नाही, उलट परत मागायला आला.

तुझी दुसरी अटही आपोआप पूर्ण झाली. आठ तारखेला चहा ओतताना माझ्या डाव्या हातावर सांडला, कोपराच्या आतल्या बाजूला. म्हटलं, भाजलंच आहे तर बघून घेऊ. एका चट्ट्यावर तुझं जेल लावलं, शेजारच्यावर आपलं नेहमीचं कापड. जेल दर दोन दिवसांनी बदललं, काढताना काहीच कळलं नाही. दहाव्या दिवशी तिथे नवी गुलाबी कातडी आली. कापडाखालचा चट्टा अजून ओला आहे आणि बदलताना डोळ्यांसमोर काजवे चमकतात. सिहाम हे रोज सोसते, हे आता मला नीट कळलं.

डॉक्टर लहलू कामात होते, म्हणून बोलणं झालं नाही. होईल.

बतूल

वूच, ३१ जानेवारी १९९३

लल्ला,

तू सहा वर्षांची असल्यापासून चहा ओततेस. हात खांद्याच्या वर नेऊन ओततेस, पेल्यात फेस येतो आणि तबकावर एक थेंब पडत नाही. अख्ख्या गल्लीला माहीत आहे. आणि तो चहा डाव्या हातावर, आतल्या बाजूला, दोन वेगळ्या चट्ट्यांत, तोलून मापून शेजारी शेजारी सांडला? मला मूर्ख समजतेस? तू स्वतःला भाजून घेतलंस. मी पत्र वाचलं आणि ट्रामच्या थांब्यावर बसून राहिलो, तीन ट्राम गेल्या.

आता माझं ऐक, कारण लपवणारी तू एकटीच नाहीस. मी ऑक्टोबरपासून प्रयोगशाळेत नाही. इथलं सरकार बदललं, आमची शिष्यवृत्ती बंद झाली, आणि मी उघड्यावरच्या बाजारात पॅन्ट विकतो. उन्हाळ्यात मिरवलं ते खरं होतं, पण त्यानंतरची सगळी पत्रं मी जुन्या वहीतून लिहिली. मला तुझ्यापुढे छोटं व्हायचं नव्हतं. म्हणजे एका पॅन्टवाल्याच्या सांगण्यावरून तू तुझा हात जाळलास. मला लाज वाटते, लल्ला. एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या प्रयोगशाळेच्या प्राध्यापक हालिनाबाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो. चार महिन्यांनी. तुझं पत्र त्यांना शब्दन्शब्द सांगितलं. पहारेकऱ्याने खाल्लं तिथे त्या हसल्या, हाताचं ऐकेपर्यंत. मग कागद ओढून लिहायला बसल्या. जेल लावण्याआधी दोन दिवस उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यात धुवायचं, पाणी बदलत राहायचं, म्हणजे सुटे राहिलेले धागे निघून जातील. प्रत्येक खेपेतला एक तुकडा तुमच्या प्रयोगशाळेत ठेवून त्यावर जंतू वाढतात का ते पाहायचं. वाढले तर अख्खी खेप फेकायची. आणि वरून बोटं सरळ ठेवायला फळी बांधायची, नाहीतर जखम भरेल पण मूठ तशीच राहील.

सोबत त्यांचं डॉक्टर लहलूंना फ्रेंचमधलं पत्र आहे. ते घेऊन त्यांच्याकडे जा आणि बाही वर कर. तू गेली नाहीस तर मी स्वतः त्यांना लिहीन, चहाबद्दलही.

मिलूद

अल-जदीदा, २२ फेब्रुवारी १९९३

खुया मिलूद,

गेले. बाही वर केली.

डॉक्टर लहलूंनी आधी पत्र वाचलं, मग हात बघितला. खिशातून मोजपट्टी काढून दोन्ही चट्टे मोजले. "दोन्ही एकाच दिवशीचे?"

"हो."

"एकाच किटलीतले?"

"हो."

"बतूल, तू वेडी आहेस. तुला मी कामावरून काढायला हवं."

"काढा. पण सिहामची पट्टी लावून काढा."

त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "पहिली मी लावणार. काही बिघडलं तर माझ्या नावावर." मिलूद, मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही, ते लगेच डोक्यावर चढून बसले असते.

बारा तारखेपासून लावतो आहोत. सगळं हालिनाबाईंनी सांगितल्याप्रमाणे. एका खेपेत जंतू निघाले, ती सगळी फेकली, रडले आणि परत केली. आणि मग तिसऱ्या पट्टीखाली मला काय सापडलं सांगू? मेंदी! कडेने आत सरकवलेली. यामनाने. मी व्हरांड्यात तिच्यावर अशी ओरडले की रांगेतले लोक उठून उभे राहिले. ती पण कमी नाही. "माझ्या आईने मेंदीने जखमा बऱ्या केल्या, तू पाणी लावतेस! पाण्याने कधी कोण बरं झालंय?"

मग मला एकदम जाणवलं, की पाच महिने ही बाई दाराबाहेर उभी राहून फक्त किंकाळ्या ऐकते आहे. आत तिला कुणी येऊच दिलं नाही. मी हात धरून तिला आत नेलं, साबणाने तिचे हात धुतले, आणि म्हटलं, "आज पट्टी तूच काढ." ती नाही नाही म्हणत होती. सिहाम आजीला म्हणाली, "हन्ना, काढ ना, मला काही होत नाही." काढली. पट्टी अलगद आली, कोरी. पोर खिडकीतून मांजर बघत होती. यामना तिथेच जमिनीवर बसली आणि ओढणीने तोंड झाकून रडली. तेव्हापासून पट्टीची वेळ तीच सांभाळते, मला पाच मिनिटं उशीर झाला तर बोलून घेते.

जखम कडेने मिटत चालली आहे. बोटं अजून वाकलेलीच. उद्या परवा रमजान लागेल. फळी बांधली की सिहामला दुखतं, पण ती स्वतः दोर ओढायला सांगते.

तुझ्या पॅन्टच्या धंद्याबद्दल बाबांना मी सांगितलं. तू चिडशील, पण सांगितलं. ते म्हणाले, "चांगल्या असतील तर एक पाठव म्हणावं." मी काही वेगळं म्हणणार नाही. तू ज्या सकाळी त्या बाईंच्या दारात गेलास, त्या सकाळी तू मला जेवढा मोठा वाटलास तेवढा पूर्वी कधी वाटला नव्हतास. जेवत जा.

बतूल

वूच, ५ मार्च १९९३

लल्ला,

बाबांची कंबर किती ते कळव.

हालिनाबाईंनी मला आठवड्यातले तीन दिवस परत टेबल दिलं आहे. बाकीचे दिवस बाजार. गोठवून वितळवलेल्या जेलमध्ये आपलं शेवाळ घातलं तर ते कापडासारखं ओढता येईल का, हे मी बघतो आहे. तीनदा फसलं. चौथ्यांदा करतो आहे. प्रबंध पुरा करीन आणि घरी येईन, या क्रमाने. इथे एकट्याने मसुराच्या सुपावर रोजा सोडताना मी तेवढंच ठरवतो, रोज.

बोटांचं काय? फक्त बोटांचं लिही.

मिलूद

अल-जदीदा, २३ मार्च १९९३

खुया मिलूद,

बोटांचं लिहिते.

आठ मार्चला जखम बंद झाली, डॉक्टरांच्या मुदतीला आठ दिवस उशीर करून. अंगठा आणि तर्जनी आधीच सरळ होती. मधलं बोट पुढच्या आठवड्यात आलं. अनामिका हट्टी निघाली. करंगळीचं तर डॉक्टरही म्हणाले, एवढं राहिलं तरी चालेल. सिहाम म्हणाली, "तुम्हाला चालेल." फळीचा दोर आणखी एक वेढा ओढायला लावला. मी ओढला, आणि बाहेर जाऊन नळ सोडून तोंड धुतलं.

सव्विसाव्या रोजाच्या दुपारी यामनाच्या घरी मेंदी लावणारी आली. मी मुद्दाम गेले होते, कारण माझा कुणावर भरवसा नाही. म्हटलं, डाव्या हातावर काय हवं ते काढा, कोपरापर्यंत काढा. उजव्या तळव्यावर वर्षभर काहीही लागणार नाही, ती कातडी अजून बाळाची आहे. बायका हळहळल्या. एकीने म्हटलं, "एक टिंब तरी? शकुनाचं?" मी तोंड उघडायच्या आत यामना कडाडली, "बतूल नाही म्हणाली ना? मग नाही!" तिला हे म्हणताना तू ऐकायला हवं होतंस.

सिहामने दुसऱ्या दिवशीचा रोजा पुरा केला. तीन वाजता चक्कर येते म्हणून आडवी झाली, पण पाण्याला शिवली नाही. बांग झाल्यावर खजूर तोंडात टाकला, आणि आम्ही तिला तशीच हिरव्या काफ्तानात, कपाळावर पट्टा बांधून फोटोवाल्याकडे नेली. दुकानाबाहेर सजवलेल्या पोरींची रांग लागली होती. उंच खुर्चीवर बसवून तो म्हणाला, "शाब्बास, आता मेंदीचा हात वर कर. दुसरा खाली घे, त्यावर काही नाही."

सिहामने मेंदीचा हात पाठीमागे नेला.

"अगं तो लपवू नकोस! मेंदीचाच वर कर!"

तिने उजवा हात वर केला. कोरा, गुलाबी, थोडा सुरकुतलेला. बोटं एकेक करून उघडली, अंगठ्यापासून. करंगळीला वेळ लागला. फोटोवाला यंत्रामागून डोकं काढून माझ्याकडे बघायला लागला, मी यामनाकडे, आणि यामना कुणाकडेच बघत नव्हती. मागच्या पोरी दारातून वाकून बघू लागल्या. करंगळी सरळ झाली, थरथरत होती, पण सरळ.

"आता काढा," सिहाम म्हणाली.

फोटो सोबत आहे. तीन प्रती काढल्या. एक तिची, एक डॉक्टरांच्या टेबलावर, ही तुझी.

बतूल